तिसरा मजला, डावीकडे शेवटची खोली

चौकशीकाकांना खरं नाव होतं, पण ते पगारपत्रकाच्या बाहेर फारसं हिंडलं नव्हतं. त्या मोठ्या सरकारी इमारतीत शिरलं की समोरच एक खिडकी होती, खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती आणि पाटीखाली काका होते. इतकी वर्षं एकाच चौकटीत काढल्यावर लोकांनी पाटीला आणि माणसाला मिळून एकच नाव ठेवलं, यात लोकांची चूक म्हणता येणार नाही. जन्मदाखला कुठं मिळतो, दुकानाचा परवाना कुणाच्या सहीनं निघतो, सही करणारे साहेब जेवून किती वाजता परततात आणि परतल्यावर त्यांचा मूड कसा असतो, हे सगळं काकांच्या डोक्यात होतं. ते विचारायला लोक यायचे आणि काका खिडकीबाहेर बोट काढून दिशा दाखवायचे. उन्हानं म्हणा किंवा वापरानं म्हणा, ते बोट बाकीच्या बोटांपेक्षा काळं पडलं होतं.

अशा या डोक्यात एके दिवशी धुकं शिरलं. एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी आले. घर बायकोच्या नावावर होतं, ती गेली, आता पाण्याचं कनेक्शन माझ्या नावावर करायचंय, कुठं जाऊ, असं त्यांनी अगदी सावकाश, नीट विचारलं. काकांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं असं हे उत्तर. त्यांनी तोंड उघडलं, बोट बाहेर काढलं आणि आत पाहिलं तर डोक्यात काहीच नव्हतं. नुसता पांढरा पडदा. मागं रांग चुळबुळ करायला लागली.

इथं काकांच्या धंद्याचा एक नियम सांगायला हवा. त्यांना या खुर्चीवर बसवणाऱ्या जुन्या कारकुनानं बजावून ठेवलं होतं की, खिडकीतला माणूस ‘माहीत नाही’ म्हणत नसतो. तो तसं म्हणाला तर लोकांना वाटेल की सरकारलाच माहीत नाही. काकांनी हा नियम इतका मनावर घेतला होता की, घरीसुद्धा ते दोन शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. तेव्हा बोट बाहेर आलेलंच होतं, त्याला काहीतरी काम द्यायला हवं होतं. काका म्हणाले, “तिसरा मजला, डावीकडे शेवटची खोली.” गृहस्थांनी आभार मानले आणि ते जिन्याकडे गेले.

तिसऱ्या मजल्यावर डावीकडे शेवटी खोली होती हे खरं. पण ती बंद होती. तिथलं खातं दुसऱ्या इमारतीत गेलं होतं आणि जाताना कुलूप लावून किल्लीही घेऊन गेलं होतं. हे काकांना गृहस्थ जिना चढून गेल्यावर आठवलं. ते परत येऊन भांडतील म्हणून काका दिवसभर जिन्याकडे डोळा ठेवून बसले, पण ते आलेच नाहीत. संध्याकाळी इमारत रिकामी होताना ते खिडकीपाशी थांबले आणि सौम्यपणे म्हणाले की, आज दार उघडलं नाही, उद्या येतो. काकांनी मान हलवली. वास्तविक तेव्हाच काही बोलायला हवं होतं, पण माणूस इतक्या चांगुलपणानं बोलल्यावर त्याला ‘मी तुम्हाला फसवलं’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

धुकं एकदा आलं की मुक्कामाला राहतं. दिवसातून कधीतरी, विशेषतः दुपारी, काकांचं डोकं बंद पडायला लागलं आणि प्रत्येक वेळी माणसं तिसऱ्या मजल्यावर रवाना व्हायला लागली. नवल म्हणजे तक्रार एकही आली नाही. काका मनाची समजूत घालायचे, तिथं खिडकी मोठी आहे, वारा बरा येतो. पुढं तिसऱ्या मजल्यावरचा शिपाई खाली आला आणि म्हणाला की काका, तिथं लोक उभे असतात म्हणून मी एक बाक टाकलाय, पण त्या खोलीत नक्की काम कसलं चालतं? आता शिपायासमोर माघार घ्यायची म्हणजे खिडकीची अब्रू गेली. काका म्हणाले, “संकीर्ण.” शिपायाचं समाधान झालं. जुन्या नोकरदाराला संकीर्ण म्हटलं की पुढं काही विचारायचं नसतं हे कळतं. त्यानं दुसऱ्या दिवशी दारावर तशी पाटीही चिकटवली.

हे असंच निवृत्तीपर्यंत निभावलं असतं, पण साहेबांनी काकांना आत बोलावून घेतलं. मुख्य कार्यालयाचा विचार आहे, ते म्हणाले, की चौकशीच्या खिडकीत माणूस कशाला, एक यंत्र बसवावं. काचेवर बोट ठेवलं की उत्तर. मात्र त्याआधी तिथल्या एक तपासणीबाई येऊन जातील. कधी येतील ते सांगणार नाहीत, साध्या माणसासारख्या रांगेत उभ्या राहतील आणि माणूस बरा की यंत्र बरं ते ठरवतील. काकांचं काय, तर त्यांना तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत जागा आहे. साहेब हे चांगल्या मनानंच सांगत होते. “शांत जागा आहे. तिथं तुम्हाला कुणी काही विचारणार नाही.”

काकांनी आयुष्यभर लोकांच्या प्रश्नांवर कुरकुर केली होती, प्रश्नांनी जीव नकोसा केला म्हणून बायकोकडे रोज गाऱ्हाणं सांगितलं होतं. आणि कुणी काही विचारणार नाही हे ऐकल्यावर त्याच माणसाला आपल्याला जिवंत पुरल्यासारखं वाटलं. खिडकी टिकवायची तर डोकं साफ हवं, आणि तेही तपासणीबाई यायच्या आत. त्या दिवसापासून चष्मा लावलेली प्रत्येक बाई काकांना तपासणीबाई वाटायला लागली. घरपट्टी भरायला आलेल्या एका शिंपीणबाईला त्यांनी उठून उभं राहून उत्तर दिलं. ती घाबरून घरपट्टी न भरताच निघून गेली.

घरी काकांनी काही सांगितलं नव्हतं. पण नवऱ्यानं चष्मा भाजीच्या पिशवीत आणि भाजी कपड्यांच्या कपाटात ठेवली तर बायकोला सांगावं लागत नाही. ती काळजीनं शेजारणीला बोलली आणि संध्याकाळपर्यंत काकांचं डोकं हा जिन्यातल्या सगळ्या घरांचा सामायिक विषय झाला. समोरच्या घरातले निवृत्त कंपाउंडर भिजवलेले बदाम घेऊन आले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी शब्दकोडी सोडवायला सांगितली आणि स्वतः अर्धवट सोडवलेली आणून दिली, म्हणजे अवघड तेवढी काकांसाठी उरली. बँकेतून निवृत्त झालेल्या एकानं डाव्या हातानं दात घासायचा सल्ला दिला. काकांनी तोही पाळला आणि आठवडाभर त्यांची हिरडी सुजलेली होती. डोकं होतं तसंच राहिलं.

मग मेव्हणा आला. बायकोचा हा धाकटा भाऊ दर काही दिवसांनी नवीन धंद्यात असायचा आणि प्रत्येक धंदा भाऊजींच्या भल्याचाच निघायचा. सध्या तो एका चकचकीत दवाखान्यासाठी गिऱ्हाइकं आणत होता. त्यानं सोफ्यावर मांडी ठोकली आणि समजावलं की भाऊजी, विसरणं हा रोग नव्हेच. आपल्या शरीरातल्या पेशींची शक्ती एका को-एन्झाइमवर चालते, वय वाढलं की ते आटतं, आणि ते इंजेक्शननं भरलं की डोकं लख्ख. परदेशात मोठमोठे लोक घेतात. “को-एन्झाइम म्हणजे काय, ते तर तुम्हाला माहीतच असेल?”

“माहीत आहे,” काका म्हणाले. त्यांना फक्त ‘को’ कळला होता, को-ऑपरेटिव्ह सोसायटीतला. पण एवढ्या मोठ्या इमारतीची माहिती ठेवणाऱ्यानं मेव्हण्यापुढं अडायचं म्हणजे फारच झालं. बायको म्हणाली की आधी आपल्या डॉक्टरीणबाईंना विचारू या. मेव्हणा म्हणाला, ताई, त्या जुन्या वळणाच्या. काकांचं म्हणणं असं की विचारायचंय काय त्यात, मला माहीत आहे ना. सगळा घोटाळा इथंच झाला.

त्या दवाखान्यात फरशी इतकी गुळगुळीत होती की आजारी नसलेला माणूसही जपून चालावा. काकांना एका गुबगुबीत खुर्चीत बसवून हाताला सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आधी घेतलंय ना कधी? काकांनी, आता बघा, हो म्हणून मान हलवली. मग जरा वेगानं सोडू, डॉक्टर म्हणाले. बाटली वेगानं उतरायला लागली आणि थोड्याच वेळात काकांच्या छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, पोट ढवळून आलं, कान तापले, तोंड लालबुंद झालं. नर्स धावत आली, तिनं सलाइनचा वेग कमी केला आणि विचारलं की काका, त्रास होतोय का? काका घामाघूम होऊन म्हणाले की असं होतंच, मला माहीत आहे. शेजारच्या खुर्चीतली बाई मात्र आपली बाटली अर्धी टाकून घरी गेली.

सलाइन काही काकांना झेपणारं नव्हतं. तेव्हा मेव्हण्यानं त्याच औषधाच्या लहान बाटल्या आणून दिल्या, पोटाच्या कातडीखाली घरीच टोचून घ्यायच्या. टोचणार कोण, तर समोरचे कंपाउंडर. त्यांचे डोळे आनंदानं भरून आले. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला सुई लागली नव्हती आणि एके काळी लोक त्यांच्याच हातून टोचून घ्यायला भांडायचे असं ते सांगत. बाटल्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्यामागं विराजमान झाल्या. रोज सकाळी काका सोफ्यावर सदरा वर करून बसायचे, कंपाउंडर सुई उजेडाकडे धरून डोळे बारीक करायचे, आणि वरच्या मजल्यावरच्या बाई व बँकवाले ‘सहज’ म्हणून आलेले असायचे. उघड्या पोटानं शेजाऱ्यांशी हवापाण्याच्या गप्पा मारणं किती अवघड असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. सुई टोचली की सगळे एकदम पुढं झुकून विचारायचे, काय, फरक पडला का?

फरक पडला होता का? काकांनी प्रामाणिकपणे स्वतःला चाचपून पाहिलं होतं. एका सकाळी त्यांना फार हुशार वाटलं, लहानपणीच्या घरमालकाच्या कुत्र्याचं नावसुद्धा आठवलं. पण दुपारी खिडकीत परवान्याचा प्रश्न आला तेव्हा पुन्हा तोच पांढरा पडदा. अशा वेळी माणसानं खरं काय ते सांगावं. काका म्हणाले, “पडला की.” आणि खिडकीवरच्या माणसानं पडला म्हटलं म्हणजे पडलाच, या विश्वासानं वरच्या मजल्यावरच्या बाईंनी इंजेक्शनं मागवली, बँकवाल्यांनी जोडीनं मागवली, कंपाउंडरांचा सकाळचा दवाखाना जोरात सुरू झाला. मेव्हणा येऊन काकांच्या पाया पडून गेला. त्या रात्री काका ताटावरून अर्धवटच उठले. इमारतीत लोकांना चुकीच्या जागी पाठवत होतो, आता घरच्या जिन्यातही तेच, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. याला जर कुणी मनाची स्पष्टता म्हणत असेल तर ती आली होती.

इकडं तिसरा मजला फोफावला होता. बाकाला जोड बाक आला, चहावाला फेऱ्या मारायला लागला. तिथं रांग मोडलेली खपत नाही, कोण कुणाच्या मागं हे एक म्हातारे बाबा पाहतात, अशी शिपायानं कौतुकानं बातमी आणली. साहेबांनी जाता-येता गर्दी पाहिली आणि मुख्य कार्यालयाला कळवलं की, संकीर्ण विभागात कामाचा ताण फार असून कर्मचारी एकही नाही, तरी त्वरित द्यावा. पाण्याच्या कनेक्शनवाले गृहस्थ रोज संध्याकाळी खिडकीशी थांबत आणि म्हणत, “आज नाही उघडलं. उद्या येतो.” एकदाही आवाज चढला नाही. ते एकदा ओरडले असते तर काकांना बरं वाटलं असतं.

शेवटी पोटावर, जिथं रोज टोचत होतं तिथं, लालभडक गाठ आली आणि बायकोनं एक न ऐकता काकांना डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गाठ पाहिली, बाटली पाहिली आणि कंपाउंडरांबद्दल ऐकून घेतलं. ज्याचा पत्ता नाही ते औषध घरी टोचून घेणं आधी बंद करा, असं म्हणून त्यांनी गाठीवर उपाय लिहून दिला. निघताना काकांनी धीर करून विचारलं की, ते जाऊ द्या, पण या को-एन्झाइमनं डोकं साफ होतं की नाही?

“मला माहीत नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. भिंतीवर त्यांच्या पदव्या टांगल्या होत्या, बाहेर रोग्यांची रांग होती, आणि बाई बिनदिक्कत माहीत नाही म्हणत होत्या. छतही कोसळलं नाही. त्या पुढं सांगत होत्या की, ते द्रव्य शरीरात असतं, त्याचं काम महत्त्वाचं असतं आणि वयानं ते कमी होतं असं म्हणतात, एवढं ठीक. उंदरांवर काही बरे प्रयोग झालेत. माणसांत थोडेच झालेत आणि त्यावरून इंजेक्शननं बुद्धीला तरतरी येते असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. जो सांगतो तो विकत असतो. मग त्यांनी झोप किती होते, दिवसभरात किती लोक प्रश्न विचारतात, घरी गेल्यावर फोनवर नातेवाईक काय काय विचारतात, हे सगळं काढून घेतलं. रक्त तपासायला सांगितलं आणि आठवडाभर लवकर झोपायला सांगितलं. आपल्याला पुढं सगळंच विसरायला होईल का, हा मनात दाबून ठेवलेला प्रश्न काकांनी अखेर विचारला. तेही आज माहीत नाही, पण आपण शोधून काढू, त्या म्हणाल्या. काकांना रडू आलं. त्यांना इतका धीर देणारं उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी एक अघटित केलं. समोर रांग असताना खिडकी बंद केली आणि जिना चढायला लागले. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दम लागला. डावीकडे, शेवटच्या दारापुढं, माणसं ओळीनं बसली होती. काका सगळ्यांसमोर उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं की, या खोलीत कुठलंच खातं नाही. मला माहीत नव्हतं म्हणून मी तुम्हाला इथं पाठवलं. चूक माझी आहे.

काकांना वाटलं होतं की आता मार बसेल. पण कुणी उठेचना. एक जण म्हणाला की आम्ही नंबर सोडणार नाही. दुसऱ्याला वाटलं की हा माणूस आम्हाला हुसकावून स्वतः पुढं घुसायला बघतोय. त्यानं काकांना रांगेच्या शेवटी जायला फर्मावलं. काकांनी खूप विनवण्या केल्या, पण इतके दिवस खोटं खपवलेल्या खिडकीचं खरं बोलणं कुणी ऐकायला तयार नव्हतं. तेव्हा रांगेच्या मध्यावर बसलेल्या एका बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला आणि विचारलं की, तुम्ही खाली चौकशीला बसता ना? सकाळी तुम्हीच मला इथं पाठवलंत. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा नव्हता. तरीही कळायचं ते कळलं. तपासणीबाई आपल्या नंबराची वाट पाहत होत्या.

काका बाकावर बसले. शेजारी पाण्याच्या कनेक्शनवाले गृहस्थ होते. रांग सांभाळणारे बाबा म्हणजे हेच, हे काकांना आत्ता कळलं. काकांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, आजोबा, तुमचं काम तळमजल्यावरच होतं, माझ्या खिडकीला लागून असलेल्या खोलीत. मी तुम्हाला इतके दिवस उगाच जिने चढायला लावले.

“मला माहीत आहे,” आजोबा हळूच म्हणाले. “दुसऱ्याच दिवशी सापडली ती खोली. कामही झालं माझं.”

“मग रोज का येत होता?”

आजोबा जरा ओशाळले. “ती गेल्यापासून घरी मला कुणी काही विचारत नाही हो. इथं लोक विचारतात. कुठं जायचं, कुणाला भेटायचं. मला कळतं तेवढं सांगतो, ते जातात. ज्यांचं काम कुठल्याच खात्यात बसत नाही तेवढेच इथं उरतात.” मग काकांच्या हातावर थोपटून म्हणाले, “तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

तळघराची, कुणी काही न विचारण्याची जी भीती काकांना महिनाभर सुईखाली बसवत होती, ती या माणसाच्या घरात रोज राहत होती, आणि तो त्यातून काकांचीच लाज झाकत होता.

खिडकी गेली. तिथं यंत्र आलं, आणि त्याच्या काचेवर बोट कुठं ठेवायचं हे विचारायला लोक शिपायाला शोधत फिरतात. तपासणीबाईंनी लिहिलं की खिडकीतला माणूस भरवशाचा नाही, पण संकीर्ण विभागाची गरज मात्र खरीच आहे, कारण तिथल्या रांगेत बसलेल्यांचं काम खरोखरच कुणाचं नाही. तेव्हा कुलूप तोडून ती खोली उघडली आणि साहेबांनी आधीच मागून ठेवलेल्या जागेवर, दुसरं कुणी जायला तयार नसल्यामुळं, काकांना बसवलं. मेव्हण्यानं बोलणं टाकलं, कारण शेजाऱ्यांनी फरक पडला का असं पुन्हा विचारल्यावर काकांनी माहीत नाही म्हणून सांगितलं आणि बाटल्या परत गेल्या. कंपाउंडर काही दिवस रुसले. रक्तात थोडी कमतरता निघाली, गोळ्या सुरू झाल्या, काका लवकर झोपायला लागले. धुकं कधी असतं, कधी नसतं.

खोली उघडली त्या सकाळी बाहेरचे बाक रिकामे होत गेले, कारण आता दाराच्या आत टेबल होतं आणि टेबलामागं माणूस होता. रांग सांभाळायचं काम उरलं नाही. आजोबा थोडा वेळ उभे राहिले, दाराला हात लावून पाहिला आणि आता आपण निघतो, असं त्यांनी शिपायाला सांगितलं. काका टेबलावरून उठून बाहेर आले. त्यांच्या हातात कुणाचा तरी कागद होता. त्याचं पुढं काय करायचं हे त्यांना कळत होतं की नव्हतं, कोण जाणे.

“आजोबा, जाऊ नका,” ते म्हणाले. “मला एक विचारायचं होतं.”

आजोबा वळले. त्यांनी बाकावर परत बैठक मारली, काकांना बसायला जागा केली आणि चष्मा नीट करून म्हणाले, “विचारा.”